एन किती टाकू? मेटा-अ‍ॅनालिसिसचे सहसंबंध एसईएममध्ये नेताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही ३१ अभ्यास जमवलेत. चल, म्हणजे मोजलेल्या गोष्टी, चार आहेत: सहकाऱ्यांचा आधार, थकवा, कामातला रस आणि नोकरी सोडण्याचा इरादा. प्रत्येक जोडीचं वेगळं मेटा-अ‍ॅनालिसिस करून, म्हणजे अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून, सहा सरासरी सहसंबंध काढले, त्यांची एक मॅट्रिक्स (आडवा-उभा तक्ता) मांडली आणि ती एसईएमच्या, म्हणजे चलांमधले संबंध बाणांच्या मॉडेलने तपासणाऱ्या पद्धतीच्या, सॉफ्टवेअरला दिली. सॉफ्टवेअरने आधी ‘मॅट्रिक्स पॉझिटिव्ह डेफिनिट नाही’, म्हणजे हे आकडे एकत्र असूच शकत नाहीत, म्हणून हात वर केले. थकवा आणि रस यांच्यातला आकडा जरासा कमी केल्यावर ते चाललं. आता तुम्ही विचारताय की नमुन्याच्या रकान्यात एन, म्हणजे माणसांची संख्या, किती टाकू: सगळ्यांची बेरीज ९,१४०, साधी सरासरी, की हार्मोनिक मीन? आणि दुसरं सॉफ्टवेअर घेतलं तर ही कटकट मिटेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. मिटेल, पण सॉफ्टवेअर बदलल्यामुळे नाही, रीत बदलल्यामुळे. आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तिन्हींपैकी कुठलाच नाही. हे टाळाटाळीचं उत्तर वाटेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो. खरी मेख त्या रकान्यातच आहे.

त्याआधी एक काम करा. तो बदललेला आकडा होता तसा परत करा. मॅट्रिक्स अडली म्हणजे ती तुम्हाला काहीतरी सांगत होती. समजा अ आणि ब यांचा सहसंबंध ०.८० आहे, अ आणि क यांचाही ०.८० आहे. मग ब आणि क यांचा सहसंबंध ०.२८ च्या खाली असूच शकत नाही, गणितच तसं आहे. एकाच लोकांवर तिन्ही चल मोजले असतील तर असा अशक्य आकडा येत नाही. पण तुमच्या मॅट्रिक्समधला प्रत्येक आकडा वेगवेगळ्या अभ्यासांच्या गठ्ठ्यातून आलाय. आधार–थकवा २६ अभ्यासांतून, रस–इरादा ९ मधून आणि थकवा–रस फक्त ३ मधून. ही मॅट्रिक्स कुठल्याच एका लोकसमूहाची नाही, ती गोधडी आहे. तिचे तुकडे एकमेकांशी जुळले नाहीत तर नवल नाही. हाताने एक आकडा कमी करणं म्हणजे शिवण उसवलेली दिसू नये म्हणून तिथे हात ठेवणं. शिवाय ते प्रबंधात कसं लिहिणार?

आता एनकडे वळू. एसईएमचं सॉफ्टवेअर एन कशासाठी मागतं? दोनच गोष्टींसाठी: स्टँडर्ड एरर (आकडा किती डळमळीत आहे याचं माप) काढायला आणि काय-स्क्वेअर (मॉडेल माहितीपासून किती दूर आहे याचं माप) काढायला. म्हणजे ‘या सहसंबंधांवर मी किती विश्वास ठेवू’ हेच ते विचारत असतं. एका नमुन्याचा साधा अभ्यास असेल तर त्याला एका आकड्यात उत्तर देता येतं. तुमच्याकडे मात्र सहा सहसंबंध आहेत आणि प्रत्येकावरचा विश्वास वेगळा आहे. त्यात भर म्हणजे ते सहा एकमेकांत गुंतलेलेही आहेत, कारण काही अभ्यासांनी एकाच नमुन्यातून तीन-चार सहसंबंध दिलेत. ही सगळी माहिती एका आकड्यात मावत नाही.

बेरीज टाकली तर काय होतं ते हिशेबाने पाहा. ९,१४० टाकल्यावर सॉफ्टवेअर मानतं की ०.३० च्या सहसंबंधाची स्टँडर्ड एरर ०.०१ च्या आसपास आहे. आता रस–इरादा ही जोडी घ्या, अभ्यास ९. समजा या नऊ अभ्यासांत खरा सहसंबंधच जागोजागी वेगळा आहे आणि त्याचा पसारा, म्हणजे टाऊ, ०.१५ आहे. समाजशास्त्रीय विषयांत एवढा टाऊ काही अचाट नाही. मग सरासरीची स्टँडर्ड एरर ०.१५ भागिले ९ चं वर्गमूळ, म्हणजे ०.०५ च्या खाली जाऊच शकत नाही, प्रत्येक अभ्यासात लाखभर माणसं असली तरी! ०.०५ एवढी स्टँडर्ड एरर साधारण ४०० माणसांच्या एका अभ्यासाची असते. म्हणजे तुमच्या हातात ४०० माणसांइतकी खात्री आहे आणि तुम्ही ९,१४० माणसांइतकी सांगताय. मग प्रत्येक बाण ‘सिग्निफिकंट’, म्हणजे निव्वळ योगायोग वाटू नये असा, येतो यात आश्चर्य ते काय?

हार्मोनिक मीन ही त्यातल्या त्यात सावध तडजोड आहे. चॉकलिंगम विश्वेश्वरन आणि डेनिझ ओन्स यांनी १९९५ साली मेटा-अ‍ॅनालिसिस आणि एसईएम जोडण्याची जी वाट दाखवली, तिच्यामुळे तो रूढ झाला. लहान आकड्यांना तो जास्त मान देतो. २००, ८०० आणि ३,२०० यांची साधी सरासरी १,४०० येते, हार्मोनिक मीन ४५७ च्या आसपास. त्या काळी दुसरी सोयीची साधनं फारशी नव्हती, त्यामुळे मी त्या रीतीला नावं ठेवणार नाही. पण हार्मोनिक मीनला टाऊची गंधवार्ता नसते. अभ्यासांमध्ये एकवाक्यता असो की भांडण, तो तेवढाच येतो. शिवाय सहाही जोड्यांना तोच एन लागतो, मग तिथे २६ अभ्यास असोत की ३.

मी स्वतः माझ्या पहिल्या कामात हार्मोनिक मीनच वापरला होता. एका परीक्षकाने एवढंच विचारलं की पहिल्या पानावर तुम्ही म्हणता अभ्यासांमध्ये प्रचंड तफावत आहे, मग दहाव्या पानावर ती तफावत गेली कुठे? माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती कुठेच गेली नव्हती, मीच ती वाटेत टाकून दिली होती.

आणखी एक गफलत या रीतीत लपलेली असते. तुम्ही सहसंबंधांची मॅट्रिक्स देता, पण नेहमीचं एसईएम ती कोव्हेरिअन्स मॅट्रिक्स (प्रमाणित न केलेल्या, मूळ एककांतल्या संबंधांची) समजून वाचतं. कर्णावरचे १, १, १, १ हे त्याला मोजून आलेले व्हेरिअन्स, म्हणजे चलांचे पसारे, वाटतात. प्रत्यक्षात ते व्याख्येनेच १ आहेत, त्यांच्यात माहिती शून्य. बाणांचे आकडे बहुतेकदा ठीक येतात, पण स्टँडर्ड एरर आणि कधीकधी काय-स्क्वेअरही चुकतो. हे मॉडेलवर अवलंबून असतं. मात्र चूक नेमकी किती हे बाहेरून कळत नाही, म्हणून ती नकोच.

मग करायचं काय? कल्पना साधी आहे. पुढच्या पायरीवर सरासरी सहसंबंध एकटे पाठवायचे नाहीत. प्रत्येकाबद्दल किती खात्री आहे आणि त्यांच्या चुका एकमेकींशी किती बांधलेल्या आहेत, याचा तक्ताही बरोबर पाठवायचा. सहा सहसंबंध असतील तर हा तक्ता सहा बाय सहाचा. एनच्या रकान्याची जागा हा तक्ता घेतो. बेट्सी बेकर यांनी १९९२ मध्ये सहसंबंध असे एकत्र, मल्टिव्हेरिएट पद्धतीने घेण्याचा मार्ग मांडला होता. माइक च्युंग आणि वाय चान यांनी २००५ मध्ये टीएसएसईएम, म्हणजे दोन टप्प्यांचं एसईएम मांडलं. पुढे च्युंग यांनी त्याचं रँडम-इफेक्ट्स रूप (खरा सहसंबंध अभ्यासागणिक वेगळा असू शकतो असं मानणारं) आणि आर भाषेतलं मेटासेम हे पॅकेज केलं. तुम्ही हेच वापरा. फुकट आहे, आणि आतून ओपनएमएक्स या एसईएमच्या पॅकेजवर चालतं.

पहिल्या टप्प्यात सगळ्या अभ्यासांच्या मॅट्रिक्स एकदम आत जातात. सहा सहसंबंधांची सरासरी एकाच मॉडेलमधून निघते. तिच्याबरोबर टाऊ-स्क्वेअर (टाऊचा वर्ग) आणि तो खात्रीचा तक्ताही मिळतो. दुसऱ्या टप्प्यात तुमचं बाणांचं मॉडेल त्या सरासरीवर वेटेड लीस्ट स्क्वेअर्सने बसवलं जातं आणि वजनं त्या तक्त्यातून येतात. जिथे खात्री जास्त तिथे मॉडेलला जास्त जुळवून घ्यावं लागतं, तीन अभ्यासांवर उभ्या असलेल्या जोडीला तेवढा मान मिळत नाही. नमुन्याची बेरीज इथेही द्यावी लागते, पण ती मुख्यतः काही फिट इंडेक्सच्या, म्हणजे मॉडेल किती जुळलं ते सांगणाऱ्या आकड्यांच्या, सूत्रांसाठी. स्टँडर्ड एरर तिच्यावर ठरत नाही. पॅकेजमध्ये या दोन पायऱ्यांची नावंही तशीच आहेत, टीएसएसईएम१ आणि टीएसएसईएम२.

आता तुमच्या माहितीबद्दल. वेळ सगळ्यात जास्त इथेच जातो आणि जायलाही हवा.

प्रत्येक अभ्यासाची ४×४ मॅट्रिक्स वेगळी मांडा. अभ्यासाने एखादा सहसंबंध दिला नसेल तर तिथे एनए. एखादा चल मोजलाच नसेल तर त्याची अख्खी ओळ, अख्खा रकाना आणि कर्णावरची जागासुद्धा एनए. शून्य कधीही नाही. शून्य म्हणजे ‘संबंध नाही असं आढळलं’, एनए म्हणजे ‘कुणी सांगितलं नाही’. काही लोक ‘सिग्निफिकंट नव्हता’ एवढंच लिहिलेल्या सहसंबंधाला शून्य धरतात, तेही करू नका. लेखकांना ईमेल करा. माझ्या अनुभवात बरेच जण उत्तर देतात, काही तर अख्खी मॅट्रिक्स पाठवतात.

मॅट्रिक्स न देता फक्त रिग्रेशनचे बीटा देणारे अभ्यास तुम्हाला सापडतीलच. बीटावरून सहसंबंध काढायचं एक प्रसिद्ध सूत्र आहे, पीटरसन आणि ब्राउन यांचं, २००५ सालचं: बीटाला ०.९८ ने गुणा आणि बीटा शून्य किंवा धन असेल तर ०.०५ मिळवा. मी ते वापरत नाही. बीटामध्ये बाकीच्या चलांचा वाटा आधीच वजा झालेला असतो आणि ते बाकीचे चल प्रत्येक अभ्यासात वेगळे. तुमच्या मॉडेलचं काम नेमकं हेच आहे की हा वाटा वेगळा करायचा. मग आधीच वेगळा केलेला आकडा कच्चा माल म्हणून घालून कसं चालेल? दोन गटांची तुलना करून डी (त्यांच्या सरासऱ्यांतला प्रमाणित फरक) दिलेला असेल तर गोष्ट वेगळी. गट सारखे असतील तर डी भागिले (डी-स्क्वेअर अधिक ४) चं वर्गमूळ हे रूपांतर रास्त आहे, फक्त ते केल्याचं लिहून ठेवा.

चिन्हांकडे नीट पाहा. एका प्रश्नावलीत ‘थकवा’ जास्त म्हणजे वाईट, दुसरीत तेच माप उलटं करून ‘उत्साह’ म्हणून मोजलेलं. एकदा माझ्या एका प्रकल्पात थकवा आणि इरादा यांच्यात प्रचंड टाऊ येत होता. आम्ही आठवडाभर मॉडरेटर, म्हणजे हा संबंध कमी-जास्त करणारा घटक, शोधत बसलो. शेवटी कळलं की दोन अभ्यासांत माप उलटं होतं आणि माहिती भरणाऱ्याने ते फिरवलं नव्हतं. चिन्हं बदलली आणि टाऊ निम्म्याहून खाली आला. आम्ही सुचवलेली सुंदर सैद्धांतिक स्पष्टीकरणं तिथेच संपली.

मॅट्रिक्स भरून झाल्या की मॉडेलकडे न जाता दोन तपासण्या करा. एक, पॉझिटिव्ह डेफिनिट आहे का हे प्रत्येक मॅट्रिक्सला विचारा, त्यासाठी पॅकेजमध्ये इज.पीडी आहे. एखाद्याच अभ्यासाची मॅट्रिक्स नापास झाली तर बहुतेक वेळा टंकनचूक निघते, तुमची किंवा मूळ लेखाची. दोन, पॅटर्न.एनए आणि पॅटर्न.एन चालवा. पहिलं दाखवतं की प्रत्येक जोडीत किती अभ्यास गैरहजर आहेत, दुसरं दाखवतं की तिथे एकूण माणसं किती. हे दोन तक्ते प्रबंधात छापा. वाचणाऱ्याला तुमच्या सगळ्या बाणांपेक्षा या तक्त्यांतून जास्त कळतं.

गैरहजर सहसंबंध पॅकेज स्वतः हाताळतं. आहे तेवढी माहिती घेऊन पूर्ण लाइकलीहूडने (ती माहिती सर्वांत संभाव्य ठरवणारे आकडे शोधून) सरासरी काढतं, त्यासाठी अभ्यास काढून टाकायची गरज नाही. पण यात एक गृहीतक आहे: सहसंबंध का दिला नाही याचं कारण त्या सहसंबंधाच्या आकड्यात दडलेलं नसावं. आणि एखादी जोडी कुणीच दिली नसेल तर मात्र काही इलाज नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

एकाच अभ्यासातून त्याच जोडीचे दोन-तीन सहसंबंध येत असतील, उदाहरणार्थ थकवा दोन प्रश्नावल्यांनी मोजलाय, तर ते दोन स्वतंत्र अभ्यास म्हणून घालू नका. त्यांची सरासरी घ्या, किंवा आधी ठरवलेल्या नियमाने एक निवडा. असे अभ्यास फार असतील तर तीन पातळ्यांचं मॉडेल लागतं. तुमच्या वर्णनावरून ती वेळ आलेली दिसत नाही.

मापांच्या विश्वासार्हतेसाठी सहसंबंध वाढवून घ्यायचे का, यावर जाणकारांत एकमत नाही. ०.३० चा सहसंबंध आणि मापांची विश्वासार्हता ०.८० व ०.७० असेल तर दुरुस्त आकडा ०.४० च्या आसपास जातो, म्हणजे फरक लहान नाही. मी मुख्य विश्लेषण कच्च्या आकड्यांवर करतो आणि दुरुस्त आकड्यांवर एकदा पुन्हा चालवून निष्कर्ष बदलतो का ते सांगतो. तुमच्या विषयात नेहमी दुरुस्तीच करत असतील तर क्रम उलटा ठेवा, पण दोन्ही दाखवा. फिशरच्या झेडबद्दलही (सहसंबंधाचं एक रूपांतर) कुणीतरी तुम्हाला टोकेल. एकेका जोडीचं मेटा-अ‍ॅनालिसिस असेल तर झेड उत्तम. इथे मात्र मॉडेल सहसंबंधांच्या भाषेत बोलतं, म्हणून मूळ सहसंबंधच राहू द्या.

पहिल्या टप्प्यात तुम्हाला एक निवड करावी लागेल: टाऊंचा तक्ता पूर्ण काढायचा की फक्त कर्ण. सहा सहसंबंधांसाठी पूर्ण तक्त्यात २१ आकडे शोधावे लागतात, कर्णापुरते ६. कागदावर पूर्ण तक्ता जास्त खरा आहे. पण तुमच्या एका जोडीत तीनच अभ्यास आहेत, तिथून ही माहिती निघणार नाही. सॉफ्टवेअर तासभर फिरेल आणि काहीतरी आकडे देईल, ते मानू नका. तुमच्यासाठी कर्ण, म्हणजे आरई.टाइपमध्ये ‘डायग’. चल पाच झाले असते तर सहसंबंध दहा आणि पूर्ण तक्ता ५५ आकड्यांचा झाला असता, यावरून अंदाज घ्या.

निकालाच्या तळाशी ओपनएमएक्सचा स्टेटस येतो. ० किंवा १ असेल तर पुढे जा, दुसरं काहीही असेल तर वरचे आकडे वाचूच नका. आधी रीरन हे फंक्शन चालवा, बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं. तरीही अडलं तर बहुधा एखादा टाऊ-स्क्वेअर शून्याला चिकटलेला असतो, तो शून्यावर बांधून टाका आणि तसं लिहा. विद्यार्थी स्टेटस ६ वर कानाडोळा करून ‘सिग्निफिकंट’चे तारे लावलेला तक्ता घेऊन येतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता मी तक्त्याआधी स्टेटसच विचारतो.

मग तुमचं मॉडेल. तुम्ही लिहिलंय की आधारातून थकवा आणि रस, आणि त्या दोघांतून इरादा. चार बाण झाले. माहिती सहा सहसंबंधांची, म्हणजे डिग्रीज ऑफ फ्रीडम (मॉडेल तपासायला उरलेली माहिती) २. कर्ण मोजायचा नाही, हे वर आलंच. या दोन डिग्री कुठून आल्या ते ओळखा: आधारातून इराद्याकडे थेट बाण नाही आणि थकवा व रस यांच्या उरलेल्या भागांत संबंध नाही. तुमचं मॉडेल पडताळलं जातं ते या दोन दाव्यांवर, बाकी कशावरच नाही. दुसरा दावा मला फार भाबडा वाटतो. थकलेल्या माणसाचा रस जातो आणि रस गेलेला माणूस लवकर थकतो. सहकाऱ्यांचा आधार सारखा असूनही हे होणारच. तो दुहेरी बाण मोकळा सोडा. मग एक डिग्री उरते आणि थेट बाणाचा प्रश्न स्वच्छपणे विचारता येतो. दोन्ही मोकळे सोडलेत तर डिग्री शून्य, फिट ‘उत्कृष्ट’ आणि त्याला अर्थ शून्य. अशा मॉडेलचा सीएफआय (एक फिट इंडेक्स, १ म्हणजे सर्वोत्तम) १.०० अभिमानाने छापलेला दिसतो तेव्हा काय बोलावं सुचत नाही.

मॉडेल लावान या आरमधल्या दुसऱ्या एसईएम पॅकेजच्या लिखाणात लिहिता येतं, मेटासेम ते स्वतःच्या रूपात बदलून घेतं. इथे दोन गोष्टी सांभाळा. आधाराचं, म्हणजे ज्याच्याकडे बाण येत नाही त्या चलाचं व्हेरिअन्स १ वर बांधा. आणि रूपांतर करताना चलांचा क्रम स्पष्ट द्या, तोच जो तुमच्या मॅट्रिक्समध्ये आहे. क्रम चुकला तर सॉफ्टवेअर ओरडत नाही. निमूटपणे थकव्याचा सहसंबंध रसाला लावून मोकळं होतं. माझी युक्ती अशी: आधी सगळे बाण मोकळे असलेलं मॉडेल चालवा आणि त्यातून निघणारे सहसंबंध पहिल्या टप्प्यातल्या सहसंबंधांशी चलांच्या नावांनुसार एकास एक जुळतात का पाहा. नाही जुळले तर क्रमात घोळ आहे.

अप्रत्यक्ष परिणामासाठी, म्हणजे आधार ते थकवा आणि थकवा ते इरादा या गुणाकारासाठी, साध्या स्टँडर्ड एररवर न जाता लाइकलीहूडवर आधारलेलं कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो) मागा. गुणाकाराचं वितरण दोन्ही बाजूंना सारखं नसतं, त्यामुळे सममित इंटरव्हल फसवतं.

फिट इंडेक्स वाचताना एक धोका आहे. समजा काय-स्क्वेअर ९ आला, डिग्री २. पी ०.०११, म्हणजे मॉडेल नाकारायला हवं. आता आरएमएसईए या फिट इंडेक्सच्या (लहान तितका चांगला) सूत्रात एन ९,१४० घाला. उत्तर ०.०२ च्या आसपास, म्हणजे ‘फारच छान’. हे का होतं? काय-स्क्वेअर काढताना टाऊमुळे आधीच खात्री कमी धरलेली असते, पण आरएमएसईए पूर्ण एनने भागतो. त्यामुळे रँडम-इफेक्ट्समध्ये तो गोडच बोलतो. मी एसआरएमआर, म्हणजे प्रत्यक्ष आणि मॉडेलच्या सहसंबंधांतला सरासरी फरक, पाहतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्यक्ष आणि मॉडेलमधून निघालेले सहसंबंध शेजारी ठेवून कुठल्या जोडीत फरक पडलाय ते पाहतो. सहाच तर आकडे आहेत, डोळ्यांनी दिसतं.

इथपर्यंतचं दोन ओळींत सांगायचं तर: सरासरी एकेकटी काढू नका, सगळ्या मॅट्रिक्स एकत्र आत घाला. आणि एनचा रकाना सोडून खात्रीचा तक्ता पुढे न्या. बाकी सगळं त्याची निगा.

मॉडरेटरचं तुम्ही जाता जाता विचारलंय, की नमुन्याचं सरासरी वय घालता येईल का. दोन टप्प्यांच्या रीतीत अभ्यासांचे गट पाडून तुलना करता येते, तरुण एकीकडे, प्रौढ दुसरीकडे. पण वयाची अशी फाळणी करणं म्हणजे माहिती फेकणं. सुझान याक आणि माइक च्युंग यांनी २०२० मध्ये एका टप्प्याची रीत मांडली, पॅकेजमध्ये तिचं नाव ओएसमासेम. तिच्यात बाणांवर थेट सलग मॉडरेटर घालता येतो. वय आधी सरासरीभोवती केंद्रित करून प्रमाणित करा, नाहीतर आकडेमोड अडते. ज्या अभ्यासात वय दिलेलं नाही तो या तुलनेतून बाहेर जातो, म्हणून मॉडरेटर नसलेलं मॉडेलही त्याच उरलेल्या अभ्यासांवर पुन्हा चालवा. वेगवेगळ्या अभ्याससंचांची तुलना करून ‘वयाने फरक पडतो’ म्हणू नका. आणि आशा माफक ठेवा. रसाच्या बाणांमागे ९ किंवा ११ अभ्यास असताना वयाचा परिणाम दिसला नाही, तर परिणाम नाही असं सिद्ध होत नाही.

आर भाषेची भीती वाटत असेल तर वेबमासेम नावाचं ब्राउझरमध्ये चालणारं साधनही आहे, त्याच्या पोटात हीच एका टप्प्याची रीत आहे. पहिल्यांदा हात बसवायला ते चांगलं. पण प्रबंधासाठी मी आरमधलीच फाइल ठेवायला सांगेन. वर्षभराने परीक्षक म्हणतील की तो अमुक अभ्यास काढून पुन्हा दाखवा, तेव्हा माउसने कुठे कुठे टिचकी मारली होती ते आठवत नाही.

एक गोष्ट सॉफ्टवेअर सोडवू शकत नाही, तीही बोलून ठेवतो. तुमचे बहुतेक अभ्यास एकाच वेळी भरलेल्या प्रश्नावल्यांचे असणार. आधारातून थकवा आणि थकव्यातून इरादा ही साखळी, तीच साखळी संपूर्ण उलटी, आणि थकव्यातून दोन्हीकडे जाणारे बाण ही तिन्ही मॉडेलं आधार–इरादा सहसंबंधाबद्दल एकच गोष्ट सांगतात: तो बाकीच्या दोघांचा गुणाकार असेल. म्हणून तिन्हींचा फिट दशांशापर्यंत सारखाच येईल. ३१ अभ्यास एकत्र केले म्हणून बाणाची दिशा सिद्ध होत नाही. तुमच्या संचात थकवा आधी आणि इरादा काही महिन्यांनी मोजलेले अभ्यास असतील तर ते वेगळे खुणावून ठेवा. तसे चारच निघाले तरी चर्चेच्या प्रकरणात त्यांचं वजन बाकी सत्तावीसांपेक्षा जास्त असेल.

राहता राहिली थकवा–रस ही तीन अभ्यासांची जोडी. इथे मी छातीठोक सांगणार नाही, परिस्थितीवर आहे. ते तीन अभ्यास मोठे असतील आणि त्यांचे आकडे जवळपास असतील तर चार चलांचं मॉडेल मुख्य ठेवायला हरकत नाही. तिघांचे आकडे तीन दिशांना असतील, आणि तुमची मॅट्रिक्स तिथेच अडली म्हणजे तसंच असावं असा माझा संशय आहे, तर रस बाजूला ठेवा. आधार, थकवा आणि इरादा या तीन चलांचं मॉडेल मुख्य करा आणि चार चलांचं पुरवणी म्हणून द्या. ठरवण्याआधी त्या तीन लेखांत रस कुठल्या प्रश्नावलीने मोजलाय ते उघडून पाहा. एकात तरी थकव्याचीच विधानं उलटी करून ‘रस’ म्हणून मोजलेली निघाली तर तो अभ्यास या जोडीत धरायचाच नाही. पॅटर्न.एनएचा तक्ता आणि त्या तीन लेखांतले आकडे इथे टाकलेत तर पुढचं सांगता येईल.